एक इंच माया

२ फेब्रुवारी

ही डायरी भिंगरीने दिली. भिंगरी म्हणजे माझी नात, एका जागी बसेल तर शपथ. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस, त्यातलं थोडं लिहून काढ, म्हणजे आमच्या कानांना आराम. मला राग आला नाही. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बघावं. टीप मारल्यासारखं सरळ.

तर आजची बातमी. जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं की बाबांचं मशीन विकून टाकायचं. मशीन म्हणजे मागच्या शेडमधलं करवतीचं टेबल. लोखंडी टेबल, मधोमध फट, फटीतून गोल करवत अर्धी वर आलेली. बटण दाबलं की फिरते आणि अशी किंचाळते की शेजारचं कुत्रं गाडीखाली जातं. भिंगरी त्याला टेबल सॉ म्हणते. मला पहिल्यांदा टेबल सासू ऐकू आलं. फार काही चुकलं नाही म्हणा. घरात ठाण मांडून बसते, आणि बोट पुढे केलं की चावते.

छापखान्यातून रिटायर झाल्यापासून ह्यांचा सगळा जीव त्या टेबलावर. स्टूल म्हणू नका, खुंट्या म्हणू नका, सगळं घर भरलंय. पण आता मोतीबिंदू. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला ताटातला खडा दिसत नाही, फिरती करवत काय दिसणार? एक दिवस बोटं गोळा करत बसू आम्ही. ह्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, ऑपरेशन करून येतो. आल्यावर तुमच्या सगळ्यांसमोर एक फळी कापतो. पहिल्याच कापात मापात आली नाही तर मशीन खुशाल घेऊन जा. मी हूं का चूं करणार नाही.

मुलगा बरं म्हणाला. हे पुन्हा जेवलेच नाहीत.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. हे परत येईपर्यंत मशीन असं अपग्रेड करून ठेवायचं की डोळे मिटूनसुद्धा मापात कापतील. अपग्रेड हा मुलाचा शब्द. तो फोन बदलतो त्याला अपग्रेड म्हणतो. सूनबाईने पडदे बदलले तर त्याला खर्च म्हणतो.

४ फेब्रुवारी, दुपारी

हे काल लेकीकडे गेले. डोळ्यांचे डॉक्टर तिच्या गावात आहेत. मी गेले नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं. दुखतात थोडे, खोटं नाही.

शेड उघडली. मला लाकडातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. पण जन्मभर मशीनवरच बसले आहे मी. शिवणाच्या का होईना. लोकांचे झगे, शर्ट, उशांचे अभ्रे. तिथे सुई वरखाली होते, इथे करवत गोल फिरते, एवढाच फरक. तिथे कापड पुढे ढकलायचं, इथे लाकूड. यांत्रिक बाजू माझी पक्की आहे.

टेबलावरचा गंज घासून काढला. वरून मेणबत्ती घासली. लाकूड कसं लोण्यासारखं सरकेल. खात्री करायला कात्री ठेवून बघितली. ती आपली आपण चालत गेली आणि पलीकडे पडली. माझ्याच पायावर. पण गुळगुळीत झालं हे सिद्ध झालं.

५ फेब्रुवारी

भिंगरीने फोनवर व्हिडिओ दाखवला. एक दाढीवाला माणूस भराभरा बोलत होता. सारखं फेन्स फेन्स. भिंगरी म्हणाली, फेन्स म्हणजे कुंपण. मी म्हटलं, टेबलाला कुंपण कशाला, लाकूड काय चरायला जातंय? तर तसं नाही. करवतीच्या बाजूला एक पट्टी असते, तिला टेकवून लाकूड पुढे न्यायचं, म्हणजे सरळ कापलं जातं. पट्टी जवळ घेतली तर फळी अरुंद निघते, लांब नेली तर रुंद. ह्यांची पट्टी लाकडाची, पावसाळ्यात वाकून गेलेली.

मी लगेच उपाय काढला. हॉलच्या पडद्याची ॲल्युमिनियमची पट्टी. हलकी, सरळ, चमकदार. काढली आणि बसवली. सूनबाई म्हणाली, आई, पडदा कुठाय? म्हटलं, धुवायला काढलाय. मग खरंच धुतला. खोटं बोलायची मला सवय नाही.

७ फेब्रुवारी

आजचं काम माझ्या डोक्यातून आलेलं. दाढीवाल्याच्या बापाला सुचलं नसतं.

टेबलाच्या पुढच्या कडेला आकडे कोरलेले होते, पट्टी करवतीपासून किती लांब आहे ते कळायला. पुसून गेलेत. हे बिचारे प्रत्येक वेळी स्टीलची पट्टी आडवी धरून मोजायचे. मी माझा टेप चिकटवला तिथे. शिवणाचा, पिवळा, ठसठशीत आकडे. ऑपरेशन झालेल्या माणसाला लांबून दिसतील असे. चिकटवायला ते पाइप जोडायचं सोल्यूशन वापरलं. आता भूकंप झाला तरी हलणार नाही.

आणि खरी गंमत पुढे. शिवणारी कुठलीही बाई सांगेल, कापड मापावर कधी कापायचं नाही. थोडं जास्तीचं सोडायचं. त्याला माया म्हणतात. उद्या मूल वाढलं, माणूस जाड झाला, तर उसवून कपडा मोठा करता येतो. मी आजवर माया न सोडता एक रुमालसुद्धा कापलेला नाही. आणि हे लाकूडवाले बघावेत, मापावर कापतात! मग फळी आखूड पडली की डोक्याला हात. ह्यांचं किती वेळा झालंय तसं.

म्हणून ती सोय मी मशीनमध्येच करून टाकली. टेप करवतीला लागून नाही लावला. मधे एक इंच सोडून लावला. बारावर पट्टी ठेवली की तेरा इंचाची फळी निघणार. कापणाऱ्याला काही करायला नको, माया आपोआप.

कुणाला बोलले नाही. अनुभवाच्या गोष्टी सांगत सुटायच्या नसतात.

९ फेब्रुवारी

दाढीवाला म्हणतो करवतीवर गार्ड हवा. म्हणजे झाकण. मी गोधडीच्या कापडाचं शिवलं. आत कापूस, दोन्हीकडे नाड्या, कडेला बारीक झालर. बाळाचं टोपडं असतं तसं. करवतीला घातलं तर इतकं गोड दिसलं की भिंगरीला हाक मारणार होते. आधी म्हटलं चालवून बघावं.

बटण दाबलं.

करवतीला धार उत्तम आहे. कापूस अजून खिडकीच्या जाळीत अडकलेला सापडतोय.

११ फेब्रुवारी

भुसा गोळा व्हायला टेबलाच्या बुडाला मुलाच्या जुन्या पँटचा एक पाय बांधला, खालून गाठ मारून. मुलगा संध्याकाळी कपाटासमोर उभा होता. म्हणाला, माझी राखाडी पँट? सूनबाई म्हणाली, मला काय माहीत. मग दोघं बराच वेळ भांडत होती. मी मधे पडले नाही. नवराबायकोच्या भांडणात सासूने पडू नये.

एकूण काम पुरं. मशीन नव्या नवरीसारखं दिसतंय. फक्त लाकूड कापून बघायचं राहिलं. पण ते हे आल्यावर करतील, उद्घाटनाचा मान त्यांचा.

१३ फेब्रुवारी

आले! काळा चष्मा, गळ्यात औषधाच्या थेंबांची पिशवी. डॉक्टर म्हणाले डोळे लहान मुलासारखे झालेत. मी विचारलं, मग मी कशी दिसते? म्हणाले, अगं, मला वाटत होतं तुझे केस अजून काळेच आहेत. ऑपरेशन करायला नको होतं. सगळे हसले. मीपण.

चहा झाल्यावर शेडमध्ये नेलं. टेबलावरून हात फिरवला. पडद्याची पट्टी पुढेमागे सरकवून बघितली. पँटचा पाय बघून घसा खाकरला. मग म्हणाले, हे सगळं तू केलंस? एकटीने? त्यांचा आवाज जरा वेगळाच झाला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. आणि आठवणार तरी कसं, आमच्या वेळी डोळे वर करून बघायची सोय कुठे होती.

टेपवर बोट ठेवून म्हणाले, हा नीट लावलायस ना? मी म्हटलं, आयुष्यभर मापंच घेत आले आहे. म्हणाले, तेही खरंच. मग स्टीलची पट्टी खिळ्याला अडकवून टाकली. म्हणाले, आता हिचं काम नाही.

मायेचं सांगणार होते. पण एवढं कौतुक चाललेलं, मधे तांत्रिक बोलून रसभंग कशाला.

१५ फेब्रुवारी

आज दाखवायचं होतं. स्वयंपाकघरात कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बारा इंचांची फट आहे, तिथे सूनबाईला डबे ठेवायला फळी हवीय. ह्यांनी फट मोजली. बरोबर बारा. शेडमध्ये आले. मुलगा हाताची घडी घालून दारात. सूनबाई, भिंगरी, मी. ह्यांनी चष्मा काढला, पट्टी बारावर आणली, वाकून दोनदा बघितलं. हात अजिबात कापत नव्हता. फळी एका दमात कापली. काय सरळ! मी टाळ्या वाजवल्या.

फळी उचलताना पट्टी बाजूला सरकवली. सगळी वरात स्वयंपाकघरात. फळी फटीला लावली.

जाईना.

पुन्हा लावली. तिरकी करून लावली. मुलगा म्हणाला, बाबा, जोर करू नका. ह्यांनी फळी मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच. मग हळूच म्हणाले, मी बारावर लावलं होतं. म्हणजे मला बारा दिसले. असणार तेरा.

सूनबाई चांगली. म्हणाली, अहो बाबा, जास्तच आहे ना, थोडं कमी करू. हे म्हणाले, नाही गं, पहिल्या कापाचं ठरलं होतं. शेडमध्ये जाऊन प्लग काढला. वायर गुंडाळली. हातावर कशी, लोकर गुंडाळतात तशी, नीट, सावकाश.

मी तिथेच उभी होते. माझ्या लक्षात फळी फटीला लावली तेव्हाच आलं. लाकूड दुमडत नाही. पण हे मला कुणी सांगितलं होतं का? दाढीवाला एवढं बोलला, हे बोलला का?

आणि मुलगा समोर होता. त्याच्यासमोर सांगितलं असतं तर ह्यांनाच वाईट वाटलं असतं, की माझ्या बायकोला एवढंही कळत नाही. ह्यांच्यासाठीच गप्प राहिले. उद्या सकाळी एकट्यांना सांगते.

१६ फेब्रुवारी

सकाळी थेंब घालायचे होते. डोळ्यात औषध असताना माणसाला धक्का देऊ नये. दुपारी झोपले. संध्याकाळी मुलगा घरी. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी

मधला मार्ग सुचला. टेप काढून योग्य जागी लावायचा. मग हे सहज कधी शेडमध्ये गेले की स्वतःच म्हणतील, अरे, बरोबर तर कापतंय. कुणाला लाज नको, कुणाला त्रास नको. उलथणं घेऊन गेले. टेप हलेना. ते सोल्यूशन फार चांगलं निघालं. आकड्यांचा तुकडा तेवढा उखडला, पाच ते सात. आता टेप चारवरून एकदम आठवर जातो.

आज हे पेपर घेऊन बसले होते. उघडला नाही. मी म्हटलं, वाचा की. म्हणाले, तू सांग काय आलंय ते. माझं काही खरं नाही.

१८ फेब्रुवारी

शेजारणीला विचारलं. माझं नाही म्हटलं, म्हटलं एका मैत्रिणीचं आहे. अशी अशी चूक केली, नवऱ्याला वाटलं त्याचीच चूक, आणि ती बोललीच नाही. काय करावं तिने? शेजारीण म्हणाली, लाज वाटायला पाहिजे तुझ्या मैत्रिणीला. मी म्हटलं, वाटतेय तिला. शेजारीण म्हणाली, वाटतेय तर बोलत का नाही मग? मी म्हटलं, तेच मी तिला विचारलं.

मग ती म्हणाली, गॅसवर काहीतरी लागलंय वाटतं तुझ्याकडे. बरं झालं. मी घरी आले.

१९ फेब्रुवारी

मुलाने गिऱ्हाईक शोधलंय. परवा येणार. हे म्हणाले, बरं.

आज त्यांनी चहा ओतायला मला दिला. नेहमी स्वतः ओततात. म्हणाले, सांडेल. जिन्यावरून उतरताना मुलाने हात पुढे केला, तर धरला. धरला! सहा महिन्यांपूर्वी, डोळ्यात नुसता ढग होता तेव्हासुद्धा, हात झटकला असता. आणि आता पॅसेजमधून जाताना भिंत धरून चालतात. डोळे स्वच्छ झालेत, डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणि हा माणूस भिंत चाचपत चाललाय. एका इंचामुळे.

मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

उद्या उठल्या उठल्या सांगायचं. काही झालं तरी. थेंबांच्या आधी.

२० फेब्रुवारी

सांगायला गेले होते. जवळ जाऊन बसले. म्हणाले, तू आहेस म्हणून बरंय गं. आता तुझ्याच डोळ्यांनी बघायचं. मी भाजी निवडायला घेतली. निवडलेलीच होती.

२१ फेब्रुवारी

आज माझं अक्षर बघू नये. टीप वाकडी जातेय.

गिऱ्हाईक आलं. फर्निचरचं दुकान आहे त्याचं. पोट मोठं, कानावर पेन्सिल. मशीनभोवती फिरला. पँटचा पाय बघून म्हणाला, बाकीचा माणूस कुठाय? मुलगा पायाकडे बघतच राहिला. म्हणाला, ही माझी... मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

गिऱ्हाईकाने एक तुकडा कापला, दहावर लावून. मोजला. अकरा. टेपजवळ वाकला, आपला टेप लावून बघितला, आणि शीळ घातली. म्हणाला, हा टेप कुणी शहाण्याने चिकटवला? एक इंच सरकवून बसवलाय की.

ह्यांनी टेपकडे बघितलं. मग माझ्याकडे. चष्मा नव्हता, आणि डोळे इतके स्वच्छ की मला कुठे लपायला जागा मिळेना. सगळं कळलं त्यांना, एका क्षणात. मला वाटलं आता बोलतील.

तर म्हणाले, मीच लावला. ऑपरेशनच्या आधी. दिसत नव्हतं.

मुलगा म्हणाला, घ्या! मग तर मशीन जातंय तेच बरं. स्वतःच चुकीचं लावायचं आणि स्वतःच फसायचं. बाबा, खरंच आता तुम्ही... पुढचं बोलला नाही. ह्यांनी मान खाली घातली. माझ्यासाठी, माझ्यासमोर, पोटच्या पोराकडून ऐकून घेत उभे होते.

मी लावला, असं कुणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता.

गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, तुम्ही? कशाला? मी म्हटलं, माया सोडली. तो म्हणाला, लाकडाला? मी म्हटलं, हो, शिवणात सोडतात तशी. त्याने माझ्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, आणि मग त्याचं पोट हलायला लागलं. हसता हसता लाकडाच्या थप्पीवर बसला. डोळे पुसले, पुन्हा हसला. सूनबाई तोंड फिरवून उभी, खांदे हलत होते. भिंगरी बाहेरच पळाली. मुलगा म्हणाला, आई! आणि त्या दिवसापासून तुला माहीत होतं?

हे मात्र हसले नाहीत. खिळ्यावरची स्टीलची पट्टी काढली. ती तेरा इंची फळी घेतली, मोजली, प्लग लावला, कापली. कुणाकडे न बघता स्वयंपाकघरात गेले आणि फळी फटीत सरकवली. टक आवाज झाला आणि बसली. पत्त्यांच्या जोडात पत्ता बसतो तशी.

मुलगा म्हणाला, राहू दे बाबा मशीन. आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. माफी असावी. त्याला नीट मागता येत नाही. घराण्यात कुणालाच येत नाही.

गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत हसत गेलं. ऐकू येत होतं.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, चुकलं माझं. फळीचं. म्हणाले, फळीचं काही नाही गं, लाकूड आहे, पुन्हा कापता येतं. मला बरं वाटणार होतं. पण त्यांचं संपलं नव्हतं. म्हणाले, मला वाटत होतं मला दिसत नाही. तुला माहीत होतं, मला दिसतंय. आणि मी भिंत धरून चालत होतो ते तू बघत होतीस.

एवढंच. ओरडले असते तर मी उलट बोलले असते. उलट बोलायला मला येतं.

२२ फेब्रुवारी

सकाळपासून शेडमध्ये आहेत. करवतीचा आवाज येतोय. पेपर स्वतः वाचला. चहा स्वतः ओतला, एकच कप. माझा मी ओतून घेतला.

ठरवलंय, आजपासून कमी बोलायचं आणि वेळेवर बोलायचं. ऐकायला मात्र अजून कुणी आलेलं नाही.

दुपारी शेडमधून हाक आली, अगं, इकडे ये जरा. हातातलं शिवण टाकून धावले. गुडघ्यांची आठवणसुद्धा झाली नाही. वाटेत काय काय ठरवलं, ते काय म्हणतील, मी काय म्हणेन. दारात जाऊन उभी राहिले.

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, दार लावून घे. भुसा घरात जातोय.

लावलं. बाहेरून.